कृष्णाचा टोलनाका

‘मला अगदी आयत्या वेळी बोलायला सांगितलं आहे’ असं म्हणून जो वक्ता माइक हातात घेतो, त्याच्या झब्ब्याच्या खिशात चार पानं असतात आणि तिसऱ्या पानावर ‘इथे थांबून हसणे’ असंही लिहिलेलं असतं. उलट लग्नातलं जेवण, ग्रामसभेचा ठराव आणि डांबरी रस्ता नेमका कुठून वळवायचा, हे सगळं आपल्याकडे खरोखरच आयत्या वेळी ठरतं. कागदावर मात्र ते सहा महिने आधी ठरलेलं असतं. म्हणजे उत्स्फूर्तपणात आपण कुणाला हार जाणार नाही. फक्त तो विनोदासाठी वापरायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘संहिता कुठाय?’

विवळवेढ्यात तो प्रश्न आम्हाला जवळजवळ सगळ्यांनी विचारला. विवळवेढे डहाणू तालुक्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून आहे. नुसतं नाव सांगितलं तर मुंबईकर ‘कुठे आलं हे?’ म्हणतो, आणि ‘महालक्ष्मी’ म्हटलं तर रेसकोर्सजवळ उतरतो. आमची महालक्ष्मी वेगळी. मूळची मुसळ्या डोंगरावरची. एका गरोदर भक्तिणीला डोंगर चढवेना, तेव्हा तिच्यासाठी देवी स्वतः पायथ्याशी आली, अशी कथा आहे. ठरलेली जागा ऐनवेळी बदलायचा पायंडा इथे खुद्द देवीनेच पाडला असल्यामुळे आमच्या प्रकल्पाला याहून पक्कं अधिष्ठान मिळालं नसतं. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस इथे जत्रा भरते. पाळणे, भांडी, सुक्या मासळीचा वास, वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांतून चाललेली घासाघीस. या गर्दीच्या कडेला, एका ढाब्याच्या मागच्या अंगणात, संहितेशिवाय एक विनोदी खेळ करायचा असं ठरलं.

ठरवणारी मंडळी अशी : सांगलीकडून बदलून आलेले प्राथमिक शाळेतले गुरुजी, बीडकडचे ग्रामसेवक, ज्यांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणतो, तारापूरच्या एमआयडीसीत पाळी करणारा एक मालवणी ऑपरेटर, अंगणवाडीच्या ताई, महामार्गावर पंक्चर काढणारा एक वारली तरुण, आणि ढाब्याचे मालक शेठ, ज्यांचा नाटकाशी संबंध अंगणापुरता. मला प्रॉम्प्टर नेमलं. संहिता नसलेल्या नाटकाला प्रॉम्प्टर कशाला, असं मी विचारलं, तर भाऊसाहेब म्हणाले, ‘‘पद रिक्त ठेवता येत नाही.’’

खेळ आयता करायचा असला तरी कशाचा करायचा हे आधी ठरवावं लागतं. लोकांना पाठ असलेला प्रकार घ्यायचा, एवढं गुरुजींनी सांगितलं होतं. पहिली सूचना अर्थातच टीव्हीवरच्या मालिकेची. तालमीत ताईंनी चहाचा कप जरा जोरात खाली ठेवला. त्यावर तिघांनी आळीपाळीने चेहरे केले, मग उलट क्रमाने केले, मग ताईंनी कपाकडे पाहिलं. अर्धा तास गेला. प्रकाराशी इमान राखलं गेलं यात वाद नव्हता, पण प्रेक्षकांनी घरचा टीव्ही सोडून इथे का यावं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मग भुताचा खेळ करून पाहिला. तो अंधारावर अवलंबून होता, आणि वीज जाण्याला भिणारा माणूस आमच्या भागात उरलेला नाही. मग पोलिसी तपास. आधी सगळ्यांना इन्स्पेक्टर व्हायचं होतं, प्रेत व्हायला कुणी तयार नव्हतं. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस तालमी झाल्यावर सगळ्यांना प्रेत व्हायचं होतं.

दरम्यान गुरुजींचा अभ्यास सुरू होता. शिकागोला १९५९ साली ‘सेकंड सिटी’ नावाचं थिएटर निघालं आणि तिथून पाहता पाहता आयत्या वेळच्या विनोदाचा धंदा उभा राहिला. पुढे कीथ जॉनस्टन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली ‘इम्प्रो’ नावाचं पुस्तक लिहिलं. ही सगळी माहिती गुरुजींनी फळ्यावर लिहून आम्हाला शिकवली आणि तारखा लक्षात ठेवायला लावल्या. या सगळ्या शास्त्राचं सार असं, की समोरच्याने जे म्हटलं ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला ‘आपण चंद्रावर आहोत’, तर आपण म्हणायचं ‘हो, आणि चप्पल खालीच राहिली.’ समोरच्याला नाकारलं की खेळ संपला.

हा नियम वाचायला सोपा आहे. पण तो करणाऱ्याने मराठी माणसाशी कधी बोलून पाहिलं नसावं. आपलं कुठलंही बोलणं ‘नाही, तसं नाही’ पासून सुरू होतं; सहमत असलो तरी. ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी समोरचा ‘नाही, कालच्यापेक्षा बरं आहे’ म्हणतो आणि रुमालाने मान पुसतो. गुरुजींनी तालमीत कळवळून टाहो फोडला, ‘‘डॉक्टर, माझ्या बायकोला साप चावला!’’ डॉक्टर झालेले भाऊसाहेब म्हणाले, ‘‘तुमचं लग्न कुठं झालंय अजून?’’ ताई म्हणाल्या, ‘‘बाई बाई, काय पाऊस हा!’’ भाऊसाहेब म्हणाले, ‘‘एप्रिलमध्ये?’’ मुळात दाखला नसलेली गोष्ट मान्य करायची नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांच्यासमोर चंद्रावर जायचं तर आधी रहिवासी पुरावा लागला असता.

गुरुजी हताश झाले. पण मला तेव्हापासून असं वाटू लागलं, की घोटाळा भाऊसाहेबांत नसून नियमात आहे. भाऊसाहेबांच्या प्रत्येक नकाराला आम्ही हसत होतो. ढाब्यावरची पोरं हातातली ताटं ठेवून हसत होती. गुरुजींच्या सापाला कुणीही हसलं नव्हतं.

तमाशातली बतावणी पाहिलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. गण झाला, गवळण झाली, की वगाच्या आधी दोघे जण उभे राहतात. एक जण शहाण्यासारखं काहीतरी सांगू पाहतो आणि दुसरा त्याला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. कधी शब्द चुकीचा ऐकतो, कधी बरोबर ऐकून चुकीचा धरतो, कधी फक्त ‘कशावरून?’ एवढंच विचारतो. सगळी मजा त्या अडवण्यात असते. गुरुजींच्या सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू जुळे भाऊ होते. दोन सारखे चेहरे एकमेकांना अडवताना पाहण्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत. ‘गाढवाचं लग्न’मधले दादू इंदुरीकर समोरच्या राजालाही सरळ वाट देत नसत, आणि १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथे कुणी होकार देत बसलं असतं तर वग अर्ध्या तासात आटोपून लोक झोपायला गेले असते. साहेबांचं आयतं नाटक होकारावर चालत असेल. आपलं हुज्जतीवर चालतं. भाऊसाहेब हे गावातले सर्वांत उत्तम उत्स्फूर्त नट होते आणि पंचायतीत ते काम वर्षानुवर्षं विनामोबदला करत होते.

मालवणी ऑपरेटर हे सगळं मुकाट्याने ऐकत होता. रात्रपाळी करून आलेला माणूस; त्याला शिकागोचं काही पडलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे कागद खंय असता? पेटी वाजूक लागली काय तोंड आपसूक चलता.’’

त्याच्याकडे म्हणजे दशावतारात. हा प्रकार मी नीट समजून घेतला आणि मग मला शिकागोची कीव आली. सिंधुदुर्गातल्या जत्रांच्या रात्री दशावताराची कंपनी येते. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशी जुनी नावं. रंगपेटाऱ्याशेजारी बसून नट तोंडाला रंग लावत असतात, आणि तेव्हा कंपनीचा मालक किंवा एखादा जाणता नट आज कुठलं आख्यान करायचं ते सांगतो : तू राजा, तू राणी, तू राक्षस, अमुक ठिकाणी युद्ध, तमुक ठिकाणी नारद. बस. लिहिलेलं एक अक्षर नाही. मग पेटी, मृदंग आणि झांज यांच्या जोरावर पहाटेपर्यंत देव-दानव एकमेकांशी वाद घालतात. सुरुवातीला काळ्या कपड्यांतला संकासुर येतो. वेद चोरलेला असुर तो. पण बोलतो अस्सल मालवणीत, आणि भटजीची अशी फिरकी घेतो, की वेद परत मिळाले नाहीत तरी चालतील असं प्रेक्षकांना वाटावं. एखादा नट आयत्या वेळी आला नाही तर राक्षसाचा राजा होतो. कुणी अडखळलं तर पेटीवाला सूर धरून त्याला वेळ देतो. ऑपरेटर म्हणाला, ‘‘परदेशात ह्याचे क्लास लावतत? फी घेवन?’’ आणि बराच वेळ हसला.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इटलीतही हेच चालायचं. कॉमेदिया देल्लार्ते नावाच्या प्रकारात ठरलेली पात्रं असत : कंजूष म्हातारा, पोकळ पंडित, भुकेला नोकर. प्रवेशांची नुसती यादी रंगमंचामागे टांगलेली असे; नट जाता-येता तिच्याकडे नजर टाकून पुढचं तोंडाने निभावत. फ्लामिनियो स्काला याने १६११ साली अशा पन्नास यादी-नाटकांचं पुस्तकच छापलं. म्हणजे जगभर ज्यांना खरोखर आयत्या वेळी बोलता येत होतं, त्यांनी गोष्ट मात्र कधीच आयत्या वेळी केली नाही. गोष्ट जुनी, पात्रं जुनी, प्रेक्षकाला शेवट आधीपासून ठाऊक. मोकळं सोडायचं ते फक्त तोंड. पंक्चरवाल्याच्या मामाकडे मोखाड्याला बोहाडा होतो. तिथे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तो म्हणाला, ‘‘सोंग ठरलेलं पायजे. मग बाकीची रात आपली.’’ गुरुजींनी फळ्यावरचं शिकागो पुसून तिथे हे वाक्य लिहिलं.

आणि खेळाचा प्रकारही त्यानेच शोधून दिला. गुरुजी हौसेने तमाशातली गवळण समजावून सांगत होते : गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात, दान दिल्याशिवाय सोडत नाहीत, मग मावशी पुढे होऊन भांडते...

पंक्चरवाला टायर बाजूला ठेवून म्हणाला, ‘‘म्हंजे हा टोलनाकाच की!’’

चारोटीचा टोलनाका इथून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या पूर्वजांनी रस्ता अडवून पैसे मागण्याच्या प्रसंगावर एक अख्खा नाट्यप्रकार उभा केला, त्याला देवाचं नाव दिलं आणि शेकडो वर्षं तो महाराष्ट्रभर करून दाखवला, याचा अर्थ त्या क्षणी आम्हाला लागला. यापुढे कसलीही चर्चा झाली नाही. पंक्चरवाला कृष्ण झाला, कारण रस्त्यावर थांबलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे त्यालाच माहीत होतं. ऑपरेटर पेंद्या झाला. ताई राधा. गुरुजी ढोलकीवर. मावशी पुरुषाने करायची रीत आहे, आणि तिचं काम एकच : अडवणाऱ्याला अडवायचं. सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मिशीला हात लावला आणि विचारलं, ‘‘लेखी आदेश आहे का?’’

मधे एक कार्यालय आडवं आलं. परवानगीसाठी अर्ज घेऊन गेलो तर टेबलामागच्या माणसाने संहितेची प्रत मागितली. त्यात त्याची चूक नव्हती. ब्रिटिशांनी १८७६ साली नाटकांवर नजर ठेवायचा कायदा केला. ते गेले, नजर राहिली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासून घ्यावी लागते. ते काम करणाऱ्या मंडळाचं नाव ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ असं असून ते एका श्वासात म्हणता येणाऱ्यालाच नट समजावं. अमोल पालेकरांनी २०१६ साली या पद्धतीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला होता. आम्ही फक्त टेबल ठोठावत होतो.

‘‘संहिता नाही, आम्ही आयत्या वेळी बोलणार आहोत.’’

‘‘मग आयत्या वेळी काय बोलणार ते लिहून द्या.’’

‘‘ते आम्हालाही माहीत नाही.’’

‘‘माहीत नाही असं लिहून द्या.’’

तसं लिहून दिलं. त्यावर शिक्का बसला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात इतकी प्रामाणिक संहिता क्वचितच मंजूर झाली असेल. खाली शेरा होता : ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंतच. नियम २००० सालापासूनचा. कृष्णाची बासरी त्यात मोडते का, हे विचारायची भाऊसाहेबांची इच्छा होती. आम्ही त्यांना बाहेर ओढलं.

खेळाला जत्रेतली माणसं होती आणि निम्मे ट्रकवाले होते, कारण अंगण मुळात त्यांचं होतं. ढोलकी वाजली. डोक्यावर स्टीलचे हंडे घेऊन ताई आणि नऊवारीतले भाऊसाहेब निघाले. पेंद्याने शेठच्या पार्किंगमधला बांबू आडवा धरला.

‘‘कोण रे मेल्या, रस्ता अडवतोयस?’’ मावशी.

‘‘अडवूक नाय मावशे, रुंदीकरण चालू हा.’’

‘‘दान टाका आणि पुढं व्हा,’’ कृष्ण म्हणाला. ‘‘फास्टॅग नसंल तर डब्बल.’’

‘‘कसलं दान? आम्ही नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आतल्या. आमचा महिन्याचा पास आहे.’’

‘‘पास बाईला हाय. हंड्याला नाय. हंडा कमर्शियल हाय.’’

इथे ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मावशीने पदर खोचला. ‘‘रस्ता काय तुझ्या बापानं बांधला?’’

पंक्चरवाला क्षणभर थांबला. मी प्रॉम्प्टर असूनही माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. गुरुजींनी ढोलकीवर नुसती टिचकी मारली. मग तो शांतपणे म्हणाला, ‘‘कोणत्या? माझे दोन हायेत. वसुदेव का नंद, आधी नोंद करा.’’

भाऊसाहेबांमधला ग्रामसेवक जागा झाला. त्यांनी हंडा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘‘दोन बाप? वारस नोंद कुठल्या घरात आहे तुझी? जन्माचा दाखला कुठला, मथुरेचा की गोकुळचा? जन्म तुरुंगातला म्हणतोस, मग तुरुंगाधिकाऱ्याची सही आण!’’ पुढची पंधरा मिनिटं देवकीनंदनाला एका नावावर येता आलं नाही. मागून एक राजस्थानी ड्रायव्हर उभा राहून ओरडला, ‘‘मौसी, रसीद लेना, रसीद!’’ तो प्रेक्षक राहिला नाही आणि आम्हालाही तो प्रेक्षक वाटला नाही. दहा वाजता माइक बंद केला. हुज्जत त्यानंतरही चालू राहिली, कारण ती माइकवर कधी अवलंबूनच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अडचण आली, ती यशाची. नवं काही सुरू करावं तर पुढच्या रांगेतून आवाज, ‘‘कालचं ते दोन बापांचं घ्या!’’ घेतलं. तिसऱ्या दिवशी ते घेण्याआधीच पोरं म्हणू लागली. तोवर सगळा खेळ पाठ झाला होता. आम्हाला नव्हे, प्रेक्षकांना. मावशी अडली तर दहा तोंडं तिला वाक्य पुरवत. म्हणजे प्रॉम्प्टरचं पद भरलं गेलं, फक्त माझ्याकडून काढून घेतलं गेलं. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आलं आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. हवालदाराच्या कामातले दादा कोंडके त्यात रोजची ताजी राजकीय बातमी घुसडत, म्हणून लोक तेच वगनाट्य पुन्हा पुन्हा पाहायला येत. मला त्यांच्या हजरजबाबीपणापेक्षा या गोष्टीचं अधिक नवल वाटतं : काल पडलेला हशा आज टाकून द्यायचा आणि नवा मिळेल की नाही याचा भरवसा नसताना उभं राहायचं. आमच्या कृष्णाने ते चौथ्या दिवशी केलं. दोन बाप आले नाहीत. पोरं रागावली. त्याने विचारलं, ‘‘मावशी, दुधात पाणी किती?’’ आणि भाऊसाहेबांनी जलजीवनचा हिशेब काढला. मग कुणी दोन बापांची आठवण काढली नाही.

जत्रेनंतर भाऊसाहेबांची बदली झाली. त्यात आमच्या खेळाचा हात नाही. त्यांची वेळ आलीच होती. पण मावशीची जागा रिकामी आहे आणि पुढच्या चैत्र पौर्णिमेआधी ती भरायची आहे. उमेदवाराला नाटकाचा अनुभव नको; पंचायत, बँक, रेशन दुकान किंवा सोसायटीची कमिटी इथे काम केलेलं असल्यास प्राधान्य. प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारायची सवय हवी, मिशी काढायची तयारी हवी. इच्छुकांनी शेठच्या ढाब्यावर भेटावं. मानधन नाही, जेवण मिळेल. मुंबईहून येणाऱ्यांनी वाटेतला टोल आपापला भरावा.